जमा आणि नावे : मुष्टियोद्ध्यांच्या क्रमवारीची प्रस्तावना

दोन मुष्टियोद्ध्यांपैकी श्रेष्ठ कोण, हा प्रश्न वस्तुतः रिंगमध्येच सुटावयाचा. आणि त्या दोघांच्या वयात, वजनात किंवा जन्मकाळात अंतर पडल्यामुळे तो तेथे सुटण्याजोगा नसेल, तर तो मुळीच सुटावयाचा नाही, असे म्हणून हे पुस्तक न लिहिता स्वस्थ बसणे मला शक्य होते, व ते बहुधा सुज्ञपणाचेही ठरले असते. परंतु ज्या वादाचा निकाल लागण्याचा संभव नाही तोच वाद माणसे अधिक आवडीने घालतात. बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, या वादावर आपल्याकडे एका पिढीने किती चहा संपविला असेल याची गणती नाही. आणि त्या दोघांनी तर १९२१ च्या जुलैत संयुक्त ‘मानापमाना’त एकाच रंगभूमीवर उभे राहून रसिकांना पुरावा पुरविला होता, तरी वाद मिटला नाही. शुगर रे रॉबिन्सन आणि फ्लॉइड मेवेदर यांच्या बाबतीत तेवढाही पुरावा नाही. पहिला १९६५ साली निवृत्त झाला, आणि दुसऱ्याचा जन्म १९७७ चा.

असा पुरावा यंत्राकडून वदवून घेण्याचा एक प्रयत्न मात्र झाला होता, आणि तो थोडा तपशिलाने सांगण्याजोगा आहे. १९६७ साली मरी वोरोनर नावाच्या एका अमेरिकन नभोवाणी-निर्मात्याने जुन्यानव्या सोळा हेवीवेट योद्ध्यांचे गुणदोष आकड्यांत मांडून ते संगणकाच्या हवाली केले, आणि यंत्राने दिलेले निकाल, लढतीचे धावते वर्णन करावे त्या थाटात, श्रोत्यांना ऐकविले. या काल्पनिक स्पर्धेत मुहम्मद अली हा शतकाच्या आरंभी गाजलेल्या जिम जेफ्रीजकडून हरला. अलीचे विजेतेपद त्याच वर्षी काढून घेण्यात आले होते, रिंगचे दरवाजे त्याला बंद झाले होते. अशा दिवसांत यंत्रानेही आपणांस हरविलेले पाहून त्याने अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली. तडजोड अशी निघाली की, अलीने रॉकी मार्सियानोबरोबर चित्रपटासाठी लुटुपुटूची लढत करावी. १९६९ साली मायामीत निवृत्तीला तेरा वर्षे झालेला, पंचेचाळीस वर्षांचा मार्सियानो वजन उतरवून आणि डोक्यावर केसांचा टोप चढवून अलीसमोर उभा राहिला. एकेका मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या चित्रित झाल्या, आणि शेवटही वेगवेगळे घेण्यात आले. चित्रण आटोपल्यावर थोड्याच आठवड्यांत मार्सियानो विमान-अपघातात गेला. १९७० च्या जानेवारीत चित्रपट झळकला तेव्हा अमेरिकेतील प्रेक्षकांनी अलीला तेराव्या फेरीत आडवा झालेला पाहिला. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याने आकडे भरले त्याचे मत, अधिक गंभीर आवाजात, यंत्राच्या तोंडून बाहेर पडले, इतकेच.

यंत्र नको म्हणून जाणत्या माणसाकडे जावे, तर तेथेही फारसा निराळा अनुभव येत नाही. नॅट फ्लायशर याने १९२२ साली ‘द रिंग’ हे मासिक काढले आणि पुढे पन्नास वर्षे त्याच्या शब्दाला या व्यवसायात सरकारी दप्तराची प्रतिष्ठा होती. त्याने हेवीवेट योद्ध्यांची जी क्रमवारी लावली तीत पहिला जॅक जॉन्सन, जो लुई सहावा, आणि मार्सियानो दहावा. जॉन्सन ऐन भरात होता तेव्हा फ्लायशर विशीत होता, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या क्रमाचा उलगडा होण्यास वेळ लागत नाही. ज्याच्या त्याच्या विशीतला योद्धा थोर असतो. आणि माणूस निर्मळ असला तरी दप्तर निर्मळ राहीलच असे नाही : फ्लायशरच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९७७ साली, डॉन किंग या आयोजकाने दूरचित्रवाणीसाठी भरविलेल्या स्पर्धेत काही योद्ध्यांच्या खात्यावर कधी न झालेल्या लढतींचे विजय जमा करण्यात आले, तेही ‘द रिंग’च्याच वार्षिक नोंदवहीत, आणि ते उघडकीस आल्यावर ती स्पर्धा अर्ध्यावर बंद करावी लागली. ज्या वहीवरून क्रमवारी लावावयाची तीच वही क्रमवारीसाठी खोडली गेल्याचे हे उदाहरण आहे, आणि आकडे हाती आले म्हणजे सत्य हाती आले असे मानणाऱ्यांनी ते विसरू नये.

आकडे येथे विशेष फसवे असण्याचे कारण या व्यवसायाच्या घडणीतच आहे. क्रिकेटमध्ये किंवा टेनिसमध्ये कोणी कोणाशी खेळावे हे खेळाडूने ठरवावयाचे नसते. व्यावसायिक मुष्टियुद्धात मात्र प्रतिस्पर्धी निवडण्याचा अधिकार बहुतांशी योद्ध्याच्या व्यवस्थापकाकडे आणि पैसा घालणाऱ्या आयोजकाकडे असतो. आपल्या कुस्तीच्या फडाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. कोल्हापूर-सांगलीकडचा जाणता प्रेक्षक निकालाच्या आधी जोड पाहतो. हलक्या जोडीवर मारलेल्या कुस्तीला तो टाळी वाजवील, पण फेटा उडविणार नाही. तोच जाणता प्रेक्षक जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याची कारकीर्द वाचताना मात्र ‘पन्नासपैकी पन्नास’ या आकड्यापुढे हात जोडतो, ही चमत्कारिक गोष्ट आहे.

म्हणून प्रस्तुत पुस्तकात मी एक शिरस्ता पाळला आहे. व्यापाऱ्याच्या खतावणीत जशी जमेची एक बाजू असते आणि नावे पडलेल्या रकमांची दुसरी, तशी प्रत्येक योद्ध्याची खतावणी मांडून मी जमेकडे नंतर पाहिले आणि नावेकडे आधी. हा कोणाकडून हरला, कोणत्या वयात हरला, आणि ज्याच्याकडून हरला त्याच्यासमोर पुन्हा उभा राहिला की नाही, हे तीन प्रश्न मी या पुस्तकातील वीसही योद्ध्यांना विचारले आहेत. विजय कसा मिळविला हे आयोजक पुष्कळदा सांगू शकतो. पराभव कसा पचविला हे सांगण्यास योद्ध्याशिवाय कोणी साक्षीदार नसतो.

या कसोटीवर शुगर रे रॉबिन्सन पहिला येतो, आणि त्याच्या नावे एकोणीस पराभव आहेत. आकड्यांच्या उपासकांना हे विचित्र वाटेल, म्हणून ती खतावणी थोडी उलगडून दाखवितो. १९४० साली व्यवसायात उतरलेला हा मनुष्य १९५२ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे बारा वर्षांत सव्वाशेहून अधिक लढती करूनही, फक्त तिघांकडून एकेकदा हरला. १९४३ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइट येथे त्याला जेक लामोटाने हरविले. रॉबिन्सन मुळात वेल्टरवेट, लामोटा अंगापिंडाने मिडलवेट. तीन आठवडे होतात न होतात तोच, त्याच गावी, रॉबिन्सन पुन्हा त्याच लामोटासमोर उभा राहिला व जिंकला, आणि लगेच सैन्यात रुजू झाला. आजच्या व्यवहारात पराभूत योद्ध्याचा व्यवस्थापक तीन आठवड्यांत वैद्यकीय तपासण्याही आटोपीत नाही. त्या दोघांच्या एकंदर सहा लढती झाल्या, पाच रॉबिन्सनने जिंकल्या. शेवटची १९५१ च्या १४ फेब्रुवारीस शिकागोत झाली, आणि तीत तेराव्या फेरीत, दोरांना धरून उभा असलेला लामोटा न पडताच हरला.

दुसरा पराभव १९५१ च्या जुलैत लंडनला, रँडॉल्फ टर्पिनकडून. त्याची परतफेड सप्टेंबरात न्यूयॉर्कला. तिसऱ्याची हकीकत मला सर्वांत बोलकी वाटते. १९५२ च्या २५ जूनला रॉबिन्सनने आपल्याहून पंधरासोळा पौंडांनी जड असलेल्या जोई मॅक्सिमला लाइट हेवीवेटच्या विजेतेपदासाठी आव्हान दिले. यँकी स्टेडियममध्ये त्या रात्री उष्मा असा होता की दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टीन यालाच बाजूस व्हावे लागले आणि दुसरा पंच रिंगमध्ये उतरविण्यात आला. तेरा फेऱ्यांअखेर तिन्ही परीक्षकांच्या कागदावर रॉबिन्सन पुढे होता. चौदाव्या फेरीला तो स्टुलावरून उठू शकला नाही. पंच बदलता येतो, योद्धा बदलता येत नाही. खतावणीत ही नोंद ‘पराभव, फेरी चौदा’ एवढीच आहे. परंतु दोन वजनगट ओलांडून गेलेल्या माणसाला प्रतिस्पर्ध्याने नव्हे तर हवेने हरविल्याची ही नोंद मी नावे बाजूला लिहूनही त्याच्या श्रेयाकडे धरली आहे. उरलेले सोळा पराभव १९५५ पासूनचे, निवृत्त होऊन परत आलेल्या, तेहतिशी ओलांडलेल्या आणि पैशाच्या ओढीने लढणाऱ्या रॉबिन्सनचे आहेत. आणि त्याच वर्षांत त्याने मिडलवेटचे विजेतेपद पुन्हापुन्हा मिळवून ते एकंदर पाच वेळा आपल्या नावे केले, हेही विसरता येत नाही.

उतारवयातील पराभव किती मोजावे, याबाबत मी काहीसा उदार आहे, आणि त्याबद्दल मला दोष दिला जाईल. रॉय जोन्स हा २००३ च्या मार्चमध्ये जॉन रुइझला हरवून हेवीवेटचा विजेता झाला. पूर्वी मिडलवेटचा विजेता असलेल्या मनुष्याने हेवीवेटचे विजेतेपद मिळविण्याचा असा योग १८९७ च्या बॉब फिट्झसिमन्सनंतर आलेला नव्हता. त्या रात्री त्याने हातमोजे काढून ठेवले असते तर आज त्याला पहिल्या पाचांत न घेणाऱ्यास लोकांनी वेड्यात काढले असते. तो पुढे चौदा-पंधरा वर्षे लढत राहिला, कितीदा तरी बेशुद्ध पडला, आणि लोकांच्या स्मरणात पहिला जोन्स दुसऱ्या जोन्सखाली गाडला गेला. जो केवळ वेळेवर निवृत्त झाला त्याला बक्षीस आणि ज्याला निवृत्त होता आले नाही त्याला शिक्षा, हा न्याय मला मान्य नाही.

आता शून्याविषयी. रॉकी मार्सियानो एकोणपन्नास लढती लढला आणि एकोणपन्नासही जिंकला. हे शून्य मुष्टियुद्धातील सर्वांत पवित्र मानले गेलेले शून्य आहे. ते खरे आहे, आणि तो मनुष्य शूर होता याविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु १९५१ साली त्याने हरविलेला जो लुई सदतीस वर्षांचा होता. १९५२ साली ज्याच्याकडून त्याने विजेतेपद घेतले तो जर्सी जो वॉलकॉट अडतीस वर्षांचा. आणि शेवटचा प्रतिस्पर्धी आर्ची मूर याने आपले खरे वय लोकांना कधी नीट कळूच दिले नाही, पण तोही चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. वॉलकॉटबरोबरच्या लढतीत, फिलाडेल्फियाला, बारा फेऱ्यांअखेर मार्सियानो तिन्ही परीक्षकांच्या मते मागे होता. तेराव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताचा एकच ठोसा बसला, आणि वॉलकॉट दोराला हात अडकवून खाली घसरला.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. विजेतेपदाच्या लढती त्या काळी पंधरा फेऱ्यांच्या असत. १९८२ च्या नोव्हेंबरात लास वेगास येथे रे मॅनसिनीशी लढताना किम दुक-कू हा कोरियन तरुण चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने मर्यादा बारा फेऱ्यांची केली, आणि इतर संस्थांनीही यथावकाश तोच मार्ग धरला. हा निर्णय योग्यच झाला. परंतु आजचा नियम मागे नेऊन लावला तर मार्सियानोचे शून्य उरत नाही. १९४१ साली बिली कॉनविरुद्ध जो लुईही हरतो, कारण बाराव्या फेरीअखेर कॉन पुढे होता आणि तेराव्या फेरीत तो नॉकआऊट झाला. १९८१ साली टॉमी हर्न्सविरुद्ध शुगर रे लिओनार्डही हरतो, कारण तो तिन्ही कागदांवर मागे असताना चौदाव्या फेरीने त्याला तारले. तीन फेऱ्यांचा, म्हणजे नऊ मिनिटांचा, फरक तीन थोर कारकिर्दींचे चित्र पालटतो. तेव्हा एका युगाचे शून्य दुसऱ्या युगाच्या शून्यापुढे ठेवून ‘हे बघा सारखेच’ असे म्हणणे म्हणजे पक्का शेर आणि कच्चा शेर एकाच पारड्यात घालण्यासारखे आहे.

मेवेदरच्या शून्याची जात निराळी. त्याच्यासारखा बचाव करणारा योद्धा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. डावा खांदा पुढे काढून समोरच्याचा ठोसा त्यावर निसटता झेलावा आणि त्याच हालचालीत उजवा हात परत करावा, ही त्याची कला मी पुनःपुन्हा पाहिली आहे व प्रत्येक वेळी थक्क झालो आहे. परंतु ज्या लढतीसाठी जग आसुसले होते ती मॅनी पॅकियाओबरोबरची लढत २००९-१० च्या सुमारास, रक्ततपासणीच्या अटींवरून वाटाघाटी फिसकटून, राहिली; आणि ती झाली तेव्हा २०१५ चा मे महिना उजाडला होता, एक अडतीस वर्षांचा होता आणि दुसरा छत्तीसचा. पन्नासावी लढत तर त्याने २०१७ साली कॉनर मॅकग्रेगरशी केली. मॅकग्रेगर व्यावसायिक मुष्टियुद्धात त्या रात्रीच पहिल्यांदा उतरला होता. ज्या आकड्याने मार्सियानोला मागे टाकले तो आकडा एका नवशिक्याच्या पाठीवर उभा आहे. मी मेवेदरला आठवा क्रमांक दिला आहे, आणि तो या आकड्यासाठी नव्हे, तर दिएगो कोरालेस आणि तरुण कानेलो आल्वारेझ यांना त्याने ज्या निर्दोष रीतीने निष्प्रभ केले त्यासाठी.

जमेच्या बाजूलाही एक मोठी मोल-घसरण झाली आहे, ती विजेतेपदांची. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३७ च्या ऑक्टोबरापासून १९३८ च्या ऑगस्टापर्यंत दहा महिन्यांत फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट ही तीन विजेतेपदे जिंकली व ती एकाच वेळी धारण केली. त्या काळी मुख्य वजनगट आठच होते. आज गट सतरा-अठरा झाले आहेत, आणि सनदा देणाऱ्या संस्था चार : वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, तिच्यातून फुटून १९६३ साली निघालेली कौन्सिल, १९८३ चे फेडरेशन आणि १९८८ चे ऑर्गनायझेशन. सतरास चाराने गुणले असता एकाच वेळी अडुसष्ट जगज्जेते नांदू शकतात. प्रत्येक सनदेमागे संस्थेला योद्ध्याच्या मोबदल्यातून शेकडेवारी मिळते, तेव्हा सनदा कमी होण्याचे कारण दिसत नाही. एवढे असूनही पॅकियाओच्या आठ गटांतील विजेतेपदांना हलके लेखण्याची माझी छाती नाही. १९९८ साली ११२ पौंडांच्या फ्लायवेट गटात जिंकलेला हा फिलिपिनो २०१० साली १५४ पौंडांच्या गटात जिंकला. ती शेवटची लढत करारान्वये १५० पौंडांवर ठरली होती, हे त्याचे टीकाकार सांगतात, पण समोरचा आन्तोनिओ मार्गारितो त्या रात्री उंचीने आणि हाडापेराने त्याच्यापुढे डोंगरासारखा दिसत होता, हे ते सांगत नाहीत. आणि २०१२ साली हुआन मानुएल मार्केझच्या एका ठोशाने तो निश्चेष्ट पालथा पडला, ती नोंद मी पाहिली. त्यानंतर सात वर्षांनी, चाळीस वर्षांचा झाल्यावर, तो पुन्हा वेल्टरवेटचा विजेता झाला, तीही पाहिली.

परीक्षकांविषयी थोडक्यात. मराठीत ‘पंच’ म्हणजे निवाडा करणारा, आणि इंग्रजीत तोच उच्चार म्हणजे ठोसा. दोन्ही प्रकारच्या पंचांनी घायाळ झालेले योद्धे या पुस्तकात पुष्कळ भेटतील. १९८७ साली लिओनार्ड आणि मार्व्हिन हॅगलर यांची लढत संपली तेव्हा एका परीक्षकाने ११५-११३ असा हॅगलरला कौल दिला, दुसऱ्याने त्याच आकड्यांनी लिओनार्डला, आणि तिसऱ्याच्या कागदावर लिओनार्ड ११८-११० असा पुढे होता. तिघेही एकाच रिंगच्या कडेला, एकाच उजेडात बसले होते. हॅगलर त्यानंतर पुन्हा लढला नाही. तो इटलीत जाऊन राहिला.

अलीपाशी आल्यावर मात्र ही खतावणीची रीत थोडी अपुरी पडते, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. रिंगबाहेरील अलीचे ऋण केवळ मुष्टियुद्धावर नाही. १९६७ च्या एप्रिलात सैन्यभरतीस नकार देऊन त्याने जे पत्करले, त्याचे मोल लढतींच्या वहीत लिहावयाचे नाही, व तसे ते लिहून त्याला पहिला क्रमांक देणे हा त्या त्यागाचाही अपमान होईल. मी रिंगपुरते बोलतो. १९६७ च्या मार्चपासून १९७० च्या ऑक्टोबरापर्यंत, वयाच्या पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंत, तो लढला नाही. पाय जेव्हा मनापेक्षा जलद धावतात ती ही वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्याची शिक्षा रद्द केली ती १९७१ च्या जूनमध्ये. त्याच्या आधी साडेतीन महिने, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने त्याला पंधराव्या फेरीत खाली पाडून पहिला पराभव दिला होता. फैसला असा उशिरा आला.

परतलेल्या अलीजवळ पूर्वीचे पाय नव्हते, आणि ते नसल्यामुळेच त्याला स्वतःविषयी एक शोध लागला : आपण मार सोसू शकतो. याच शोधाने त्याला १९७४ साली किन्शासात दोरांवर रेलून जॉर्ज फोरमनचे ठोसे रिते होऊ देण्याचे आणि आठव्या फेरीत त्याला उलथविण्याचे धैर्य दिले. याच शोधाने त्याचा घात केला. १९७५ च्या १ ऑक्टोबरला मनिलाजवळ फ्रेझरशी तिसरी लढत झाली. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचे दोन्ही डोळे जवळजवळ मिटले होते, आणि त्याचा शिक्षक एडी फच याने त्याला पंधराव्यासाठी उठू दिले नाही. या एका लढतीची नोंद मी अलीच्या जमेलाही केली आहे आणि नावेलाही, आणि हिशेबनीस जे म्हणतील ते म्हणोत, ती मी खोडणार नाही. फ्रेझर आणि नॉर्टन यांच्याकडून झालेल्या पराभवांची फेड त्याने दोनदोनदा केली, स्पिंक्सकडून झालेल्या पराभवाची एकदा. १९८० च्या जानेवारीत तो भारतात येऊन गेला, दिल्लीत कौर सिंगशी एक प्रदर्शनी लढतही खेळला. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, एके काळी ज्याच्याबरोबर सराव केला त्या लॅरी होम्सने, मारतानाही संकोचत, त्याला दहा फेऱ्या मारले. तो आणि त्यानंतरचा बहामातील पराभव मी हिशेबात धरलेला नाही. अली दुसरा.

रोबेर्तो दुरानविषयी माझे मत पुस्तक लिहिता लिहिता बदलले. १९८० च्या जूनमध्ये माँट्रिअलला लिओनार्डला हरविणारा, आणि पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिअन्सला, अंगावर विशेष जखम नसताना, आठव्या फेरीत हात झटकून पाठ फिरविणारा हा पनामाचा योद्धा मी प्रथम विसाव्या क्रमांकावर घातला होता. पराभव पचविण्याची कसोटी लावावयाची, आणि पराभवापासून चक्क चालू लागलेल्या माणसाला वर ठेवावयाचे, हे मला विसंगत वाटले. नंतर खतावणी पुन्हा वाचली. त्या रात्रीपूर्वी बहात्तर विजयांसमोर त्याचा पराभव एकच होता, एस्तेबान दे हेसूसकडून, आणि तो त्याने पुढे दोनदा फेडला होता. त्या रात्रीनंतर त्याच्या मायदेशात त्याला तोंड दाखविणे कठीण झाले. १९८३ साली, बत्तिसाव्या वाढदिवशी, त्याने डेव्ही मूरकडून विजेतेपद घेतले. त्याच वर्षी हॅगलरसमोर पंधरा फेऱ्या उभा राहिला. आणि १९८९ साली, सदतीस वर्षांचा असताना, मूळ लाइटवेट असलेल्या या माणसाने मिडलवेटच्या इरान बार्कलीला अकराव्या फेरीत खाली पाडले व लढत जिंकली. एका रात्रीची लाज फेडण्यास त्याने नऊ वर्षे घेतली. तो आता पाचवा आहे.

काही नावे या पुस्तकात सापडणार नाहीत. तेओफिलो स्टीव्हन्सनने तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, पण व्यावसायिक रिंगमध्ये तो उतरला नाही, आणि हौशी मुष्टियुद्धाची वही निराळी आहे. स्त्रियांच्या लढतींना स्वतंत्र ग्रंथ हवा; त्यांना पुरुषांच्या यादीच्या शेपटाला जोडणे मला प्रशस्त वाटले नाही. हे लिहीत असताना ओलेक्सांद्र उसिक आणि नाओया इनोऊए यांची खाती उघडी आहेत, आणि उघड्या खात्याची बाकी काढीत नसतात. प्रारंभ १९३७ पासून धरला आहे, कारण लुईचे राज्य त्या वर्षी सुरू झाले व आर्मस्ट्राँगचेही.

एक नाव मात्र मला कोठेच बसविता आलेले नाही. चार्ली बर्ली हा पिट्सबर्गचा वेल्टरवेट. १९४४ साली त्याने आर्ची मूरला, जो पुढे लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला त्याला, दहा फेऱ्यांत खाली पाडून गुणांवर हरविले. अठ्ठ्याण्णवच्या आसपास लढतींत त्याला कोणीही नॉकआऊट केले नाही. विजेतेपदाची लढत त्याला कधीच मिळाली नाही. तो कृष्णवर्णी होता, फार चांगला होता, आणि त्याच्याशी लढून पैसा थोडा व धोका पुष्कळ असा हिशेब सर्वांनीच केला होता. रॉबिन्सन आणि बर्ली एकाच काळात, एकाच वजनाच्या आसपास वावरले, आणि रिंगमध्ये समोरासमोर आले नाहीत. व्यवसाय सोडल्यावर बर्ली पिट्सबर्ग शहराच्या कचरागाडीवर कामाला होता. माझ्या शिरस्त्याप्रमाणे पाहू गेल्यास त्याची जमाही अपुरी आणि नावेही अपुरे, कारण ज्यांच्याकडून हरण्याजोगे होते त्यांनी त्याला हरण्याचीसुद्धा संधी दिली नाही. तेव्हा त्याच्यावर प्रकरण लिहून ते रॉबिन्सनच्या प्रकरणानंतर लगेच घातले आहे, आणि मथळ्यावर क्रमांकाची जागा कोरी सोडली आहे. मुद्रकाने मुद्रितांवर दोनदा तेथे प्रश्नचिन्ह करून पाठविले. दोन्ही वेळा मी ते खोडून जागा तशीच ठेवावयास सांगितले आहे.